केस न गळणारा कुत्रा

“घरात अलीकडं नवीन काय आलंय?” डॉक्टर उपाध्यांनी विचारलं.

आप्पांनी आईकडं पाहिलं, आईनं माझ्याकडं, आणि मी आईच्या मांडीवरच्या पिशवीकडं. पिशवी हलली.

“काय आहे त्यात?”

“कुत्रं हाय,” आई म्हणाली. “घरी एकटं ठेवलं तर जेवत न्हाई.”

डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठले आणि त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. आतून दोन काळे डोळे आणि एक काळं नाक त्यांच्याकडं बघत होतं. बाकी सगळं पांढरं. “मला वाटलं उशी भरायला कापूस नेताय,” असं म्हणून ते खाली बसले आणि गंभीर झाले.

आप्पांच्या तोंडावरचं वाफेचं यंत्र नुकतंच काढलं होतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना त्याचे वळ उमटले होते. सकाळी जिन्याच्या मधल्या पायरीवर ते खाली बसले ते उठलेच नाहीत. ओठ निळसर पडले होते. मी त्यांना उचलून रिक्षात घातलं. त्यांच्या मागं आई, आणि आईच्या मागं कुत्रा. कुत्र्याला कुणी बोलावलं नव्हतं. पण रिक्षा सुटायच्या आत तो पिशवीत होता.

“यंत्रमागांच्या शेडमध्ये किती वेळ असता?” डॉक्टरांनी विचारलं. इचलकरंजीत छातीचा डॉक्टर हा प्रश्न विचारतोच.

टेबलाखाली माझ्या पायावर आप्पांची चप्पल आली. चांगली दाबून आली.

“मी? मी आता शेडात जातच न्हाई. सगळा कारखाना हा बघतोय.”

मी त्या वेळी चोवीस वर्षांचा होतो. डिप्लोमा अर्धवट सुटला होता आणि एका ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मध्ये विनोद सांगायचं काम मी करत होतो. कारखाना मी बघत होतो हे खोटं नव्हतं. येता-जाता रोज दिसायचाच. मला वाटलं, आप्पा परक्या माणसासमोर पोराची लाज राखतायत. मलाही बरं वाटलं. मी डॉक्टरांकडं बघून कारखानदारासारखी मान हलवली.

“मग हा कुत्राच,” डॉक्टर म्हणाले. “एवढे केस आहेत. छाती आधीच नाजूक झालीय. परत असा झटका आला तर माझ्यापर्यंत पोचालच असं नाही. घालवा याला.”

“घालवतो,” आप्पा म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की डॉक्टरही दचकले. मीठ कमी करा म्हणाला म्हणून आप्पांनी आधीचा डॉक्टर घालवला होता. आयुष्यात त्यांनी डॉक्टरचं एकच ऐकलं, आणि ते हे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण पिशवीतून कुत्र्यानं माझा अंगठा चाटायला सुरुवात केली होती, आणि मी तिकडं बघत होतो.

*

कुत्रा वैजूताईचा. वैजूताई माझी मोठी बहीण, बंगळूरला कॉम्प्युटरवर काम करायची. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, जगातल्या सगळ्या गोष्टींनी शिंका येतात. रांगोळी, उदबत्ती, जुनी पुस्तकं, नवी पुस्तकं. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते अक्षतांमुळं इतके शिंकले की अंतरपाट दोनदा हलला. तरी ताईला कुत्रा हवाच होता. मग तिनं शोधून शोधून एक जात काढली. कोटन द तुलेआर. मूळ मादागास्कर बेटावरचा. देशात मोजकेच असतील. केस लांब, पांढरे, मऊ, पण गळत नाहीत. त्यामुळं शक्यतो कुणाला त्रास होत नाही. भाऊजी त्याच्या शेजारी बसून शिंकले नाहीत तेव्हा ताईला रडू आलं होतं म्हणे.

मग त्यांची जर्मनीला बदली झाली. कुत्र्याचे कागद तिकडं व्हायला वेळ लागणार होता, म्हणून थोडे दिवस आमच्याकडं. ताई त्याला बंगळूरहून गाडीत घालून घेऊन आली. तिनं त्याला आप्पांच्या पायाशी ठेवलं आणि सगळं समजावून सांगितलं.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मादागास्कर म्हणजे कुठं येतंय? निपाणीच्या पुढं?”

“आफ्रिकेच्या बाजूला, आप्पा.”

“आफ्रिकेत सिंह असतात म्हणं.”

“हो.”

“मग ह्यो कसा वाचला?”

ताईनं त्याचं नाव काहीतरी फ्रेंच ठेवलं होतं. ती परत गेली त्याच दिवशी आप्पांनी त्याला कापशा अशी हाक मारली आणि तो आला. विषय संपला.

आमचं घर म्हणजे खाली मागांची शेड आणि वर आम्ही. माग दिवसरात्र चालायचे. ते खडखडायला लागले की फरशी, भांडी, दात, सगळंच हलायचं. ज्याचा जन्म त्या आवाजात झालाय त्याला तो ऐकूच येत नाही. पण त्या आवाजाखाली बाकीचंही काही ऐकू येत नाही. आम्ही घरात सगळं ओरडून बोलायचो. मीठ मागायचं तर ओरडून. माझी पंचाईत अशी की विनोद ओरडून सांगता येत नाही. ओरडून सांगितलेला विनोद म्हणजे भांडण. त्यामुळं घरात कुणी मला कधी हसलं नाही, आणि आपला मुलगा चिडका आहे अशी आईची समजूत होती. फोनवर बोलायचं असलं की आम्ही गच्चीवर जायचो. खरं भांडण असलं तरी गच्चीवरच.

कापशा भुंकतो हे आम्हांला कळायलाही दिवस गेले. तो आमच्याकडं बघून नुसतं तोंड उघडायचा आणि मिटायचा. आईला वाटायचं त्याला जांभया येतात, लवकर झोपवावं. मग आठवड्याची सुट्टी आली, वीज बंद, माग बंद, आणि दुपारी स्वैपाकघरात अचानक कुणीतरी भुंकलं. आईच्या हातून परात पडली. कापशाही दचकला. त्यालाही आपला आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकू आला असणार.

आप्पा त्या दिवशी घरी नव्हते. सुट्टीच्या दिवशी ते कधीच घरी नसायचे. पहाटे उठून नरसोबाच्या वाडीला जायचे. दर्शन घ्यायचे आणि नदीच्या घाटावर बसून राहायचे. संध्याकाळी परत यायचे, ताट घेऊन गच्चीवर जायचे आणि तिथंच झोपायचे. “खाली आवाज न्हाई, मला झोप लागत न्हाई,” म्हणायचे. मागवाल्यांच्या घरात हे बोलणं कुणालाही पटेल. पुढं पुढं ते वाडीला कापशालाही न्यायला लागले. स्कूटरवर पुढं, पायाजवळ. त्याच्या कपाळाला पुजारी गंध लावायचे. पांढऱ्या कुत्र्याच्या कपाळावर अष्टगंध घेऊन तो घरी यायचा आणि आरशासमोर जाऊन बसायचा.

आणि रोज संध्याकाळी आप्पा त्याला विंचरायचे. शेडच्या दारातल्या पायरीवर बसून, आईच्या जुन्या फणीनं. माहेरी आलेली लेक विंचरावी तसं चालायचं ते. त्याच्या कानाजवळ वाकून काहीतरी बोलायचे. मागं माग धडधडत असायचे, त्यामुळं काय बोलायचे ते कधी कुणाला कळलं नाही. आमच्याशी आप्पा कामापुरतं बोलायचे. फणीत दर वेळी पांढरा गोळा यायचा. आप्पा तो बोटांनी काढायचे, चोळायचे, आणि चटकन खिशात घालायचे.

“बघा, बघा किती केस गळायलेत!” आई वरून ओरडायची.

आप्पा वर बघायचे नाहीत.

*

दवाखान्यातून आल्यावर आम्ही गच्चीवर गेलो आणि ताईला फोन लावला. आप्पा खाली झोपले होते.

“आई, कापशामुळं काही होत नाही!” ताई जर्मनीहून ओरडली. “म्हणून तर घेतला होता! ह्यांना सगळ्याची ॲलर्जी आहे, फक्त ह्याचीच नाही!”

“तुझ्या नवऱ्याला आमची पण हाय,” आई म्हणाली. “म्हणून येत न्हाईत कधी.”

“विषय बदलू नकोस. त्याचे केस गळत नाहीत, आई.”

“मग फणीत रोज मूठभर येतंय ते काय? माझं गळायलंय?”

“त्या जातीचे नाहीच गळत!”

“बाई गं, तुझी जात आफ्रिकेत गळत नसंल. इथं आल्यावर गळायला लागली. इथलं पाणी वाईट हाय.”

मग ताईनं विचारलं, “आप्पा शेडात जातात का अजून?”

“डॉक्टरला नाही म्हणालेत,” मी म्हणालो.

“मी डॉक्टरला नाही विचारत, तुला विचारतेय.”

मी उत्तर देणार होतो. एक कामगार गावाकडं गेलेला परत आला नव्हता, आणि त्याच्या जागी आप्पा स्वतःच दुपारपासून माग चालवत होते. आज नाही, पण काल होते, परवा होते. पण आईनं फोन माझ्या हातातून घेतला.

“शेडात अख्खं गाव जातंय! शेडात जाऊन कुणाला काय झालंय? तुझं कॉलेज शेडावरच झालंय न्हवं?”

हे खरंच होतं. माग ही आमच्याकडं भिंतीसारखी गोष्ट होती. घरात चोरी झाली तर माणूस पाव्हण्यावर संशय घेतो, मोलकरणीवर घेतो. भिंतीवर कोण घेतो? पाव्हणा एकच होता. पांढरा होता, केसाळ होता, परदेशी होता, आणि पोलिसांसमोर त्याला काही बोलता येणार नव्हतं.

“मग त्याला कुणाकडं देणार?” ताईनं विचारलं. आवाज खाली आला होता.

“भिशीतल्या सुमनची नणंद हाय जयसिंगपूरला. मगदूम. मिठाईचं दुकान हाय त्यांचं. लेकरू न्हाई घरात. ती म्हणाली, घेते.”

“माझं कुत्रं मिठाईच्या दुकानात?”

“पेढा देतील की त्याला.”

“गोड चालत नाही त्याला, आई!”

“आप्पांनाही श्वास चालंना झालाय,” आई म्हणाली, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. फोन तसाच चालू राहिला. जर्मनीतही कुणीतरी रडत होतं, आणि पाठीमागं भाऊजी शिंकले. बहुतेक सहानुभूतीनं.

त्या दिवसापासून आप्पांनी कापशाला हात लावणं बंद केलं. डॉक्टरांनी लावू नका सांगितलं नव्हतं, घालवा सांगितलं होतं. पण ते त्याच्याकडं बघायचेही नाहीत. दोन दिवस पडून राहिले, आणि तिसऱ्या दिवशी परत शेडात गेले. आई म्हणाली, “अजून झोपा की जरा.” आप्पा म्हणाले, “त्याला घालवायलोय न्हवं? झालं तर मग.” जणू काही आजाराला जामीन मिळाला होता. कापशा शेडच्या दारात बसून राहायचा. आत सोडत नव्हते. तो आप्पांच्या पाठीकडं बघून तोंड उघडायचा, मिटायचा, परत उघडायचा. आता आम्हांला माहीत होतं की त्या जांभया नाहीत.

*

मगदूम बुधवारी दुपारी येणार होते. आईनं मला सांगितलं, “त्याला जरा नीट विंचर. लोकांच्यात चाललाय.”

मी कापशाला आणि फणीला घेऊन गच्चीवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला विंचरत होतो. दोन हात मारले आणि फणी भरली. पांढरा, मऊ गोळा. मी तो काढला आणि बोटांत धरून खिशातून लायटर काढला.

हे मी का केलं ते मागवाल्याच्या घरातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. आमच्याकडं हातात कसलाही धागा आला की तो पेटवून बघतात. सुती जळतो कागदासारखा, राख मऊ पडते. पॉलिस्टर वितळतो आणि त्याचा काळा मणी होतो. आप्पा लग्नात आहेर आला की मांडवाच्या मागं जाऊन साडीच्या काठाचा धागा पेटवायचे. वैजूताईच्या सासरच्या शालूचा पेटवला तेव्हा मोठंच भांडण झालं होतं. मला कापशाचा गोळा पेटवायचं काही कारण नव्हतं. हाताची सवय, दुसरं काय.

गोळा भुर्रकन पेटला. कागद जळाल्यासारखा वास आला. बोटांवर करडी, मऊ राख उरली.

मी राखेकडं बघत बसलो. कुत्रा सुती निघाला होता.

मी क्षणभर खरंच असा विचार केला की मादागास्करला कुत्री सुताची करत असतील. मग मी घरातून कात्री आणली, कापशाच्या शेपटीचा एक झुबका कापला आणि तो पेटवला. तो चरचरत आकसला आणि असा घाण वास सुटला की कापशा स्वतः उठून लांब जाऊन बसला. केस. शंभर टक्के केस.

परत फणी फिरवली. परत गोळा. परत कागदाचा वास.

ताई बरोबर होती. त्याचा एकही केस गळत नव्हता. फणीत येत होती ती शेडातली उडती रुई. दिवसभर तो आप्पांच्या मागं मागं हिंडायचा, दारात बसायचा, आणि हवेतला कापूस त्याच्या अंगात अडकायचा. संध्याकाळी विंचरला की निघायचा. कुत्र्याचा निघायचा.

मी तो शेवटचा गोळा मुठीत धरला आणि खाली शेडात गेलो.

शेडात बोलायचं ते ओठांनी आणि हातांनी. आवाज कुणी वापरत नाही, उपयोगच नसतो. आप्पा मधल्या मागापाशी उभे होते, तुटलेला धागा जोडत. उन्हाची तिरीप भिंतीतल्या वरच्या काचेतून खाली आली होती आणि त्या उजेडात पांढरं काहीतरी संथ तरंगत होतं. लहानपणी मला ते बर्फ वाटायचं. आप्पांच्या भुवयांवर ते बसलेलं होतं. मिशीवर होतं. मी मूठ उघडून त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी गोळ्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग माझ्या काळ्या पडलेल्या बोटांकडं.

“पेटवलास?” त्यांचे ओठ हलले.

मी मान हलवली. “सुती आहे,” मी ओठांनी म्हणालो. “केस नाहीत.”

“म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“पयल्या दिवसापासून. आयुष्य गेलं, हाताला सूत कळत न्हाई व्हय मला?”

“मग त्याला का घालवताय?”

आप्पांनी धागा जोडला, गाठीचं टोक दातांनी तोडलं आणि माग सुरू केला. मग माझ्याकडं वळले. इतकं सावकाश बोलले की मला एकेक अक्षर दिसलं.

“कुणालातरी घालवायला पायजे का नको? डॉक्टरनं सांगितलंय.”

“मागांना घालवा!”

“आणि तू काय करणार? जोक सांगणार?”

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. ते माझ्या तोंडाकडं बघत थांबले. मी लोकांना हसवायचे पैसे घेत होतो, आणि तो धंदा चालत नाही हे मला आणि त्यांना, दोघांनाही पक्कं माहीत होतं.

“तुझं काहीतरी लागू दे,” त्यांचे ओठ म्हणाले. “तवर चालवतो. कुत्रं काय, जाईल जयसिंगपूरला. पेढं खाईल.” मग ते वळले. मला त्यांची फक्त पाठ दिसत राहिली. पाठ वरखाली होत होती. एखादा ओझं घेऊन जिना चढतोय तशी. पण ते एका जागी उभे होते.

दाराशी हालचाल झाली. मगदूम नवरा-बायको आले होते. बाईंच्या हातात गुलाबी मखमलीची गादी होती. नवऱ्याच्या हातात पेढ्याचा पुडा. त्यांच्यापुढं आई, काखेला पिशवी, पिशवीत कापशा. मगदूम काहीतरी बोलत होते, हसत होते. आई काहीतरी सांगत होती. कुणालाच कुणाचं ऐकू येत नव्हतं, पण सगळे माना डोलवत होते. मगदूम बाईंनी गादी पुढं केली. आईनं पिशवीतून कापशाला बाहेर काढलं. तो आप्पांच्या पाठीकडं बघून तोंड उघडत होता, मिटत होता.

मी भिंतीपाशी गेलो. मेन स्विच खाली ओढला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून आतली तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, उपसून हातात घेतली.

माग एकदम थांबत नाहीत. आधी सूर उतरतो, मग एकेक धोटा शेवटची फेरी मारतो, मग कुठंतरी एक पट्टा फडफडतो. मग संपतं.

शांतता झाली आणि पहिल्यांदा कापशाचं भुंकणं ऐकू आलं. ते बहुतेक बराच वेळ चालू होतं. मगदूम बाई दचकून गादीमागं लपल्या. कोपऱ्यातून एक कामगार ओरडला, “लाईट गेली काय?” आयुष्यभराच्या सवयीनं तो इतका मोठ्यानं ओरडला की स्वतःच ओशाळला. कापशानं आईच्या हातातून उडी मारली, धावत जाऊन तो आप्पांच्या पायाला चिकटला आणि गप्प झाला.

आणि मग दुसरा आवाज उरला.

बारीक, ओढून ओढून येणारा. जाताना घरघर, येताना शिट्टी. परत घरघर, परत शिट्टी. तेल नसलेल्या मागासारखा, एका लयीत.

आईनं मान तिरकी केली. ती शेडात इकडंतिकडं बघू लागली.

“कुठला माग राहिलाय चालू?” तिनं मला विचारलं.

आई या मागापासून त्या मागापर्यंत गेली. एका चाकावर तिनं हात ठेवून पाहिला. दुसऱ्यावर ठेवला. मग ती आप्पांच्या जवळ आली आणि थांबली.

आप्पांनी छातीवर तळवा दाबून धरला होता. माग थांबवताना चाकावर हात धरतात तसा. आवाज थांबला नाही.

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या भुवयांवरचा कापूस तिनं पदरानं पुसला. मिशीवरचा पुसला. मग ती हळू म्हणाली, “म्हणून सुट्टी आली की वाडी व्हय? म्हणून गच्ची?”

“गच्चीवर वारं चांगलं असतंय,” आप्पा म्हणाले. चार शब्दांत त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. आत्तापर्यंत घरात आम्ही त्यांना फक्त ओरडताना नाहीतर ओठ हलवताना पाहिलं होतं. मध्ये थांबतात ते दिसायचं नाही असं नाही, पण ते थांबणं आम्ही स्वभाव म्हणून धरलं होतं. आप्पा कमी बोलतात असं आम्ही लोकांना अभिमानानं सांगायचो.

मगदूम घसा खाकरले. “आम्ही... आम्ही मग कुत्र्याला...”

“कुत्रं देणार न्हाई,” आई म्हणाली. “चहा देते. बसा.”

“बाहेर गाडीत बसतो,” मगदूम म्हणाले आणि गादीसकट बाहेर गेले. पुडा तेवढा एका मागावर ठेवून गेले. त्यांची गाडी इंजिन चालू ठेवून बराच वेळ दाराशी उभी होती. निघून जायचं की चहाची वाट बघायची, हे त्यांचं ठरत नसावं.

आप्पांनी माझ्यापुढं हात केला. “किटकॅट दे.”

मी आईकडं पाहिलं. आईनं काखेची पिशवी उघडून माझ्यासमोर धरली. मी तिन्ही किटकॅट तिच्यात टाकली. आईनं पिशवीचं तोंड आवळलं, ती पायरीवर मांडीत घेऊन बसली आणि म्हणाली, “बघूच कोण काढतंय.”

आप्पा तिच्याशेजारी बसले. उभं राहायची ताकद संपली होती, का भांडायची, कोण जाणे. कापशा त्यांच्या मांडीत शिरला. त्यांनी फणीसाठी हात पुढं केला आणि मी ती दिली.

त्यानंतरचं सगळं वेगळंच आहे. माग भंगारात गेले तेव्हा आप्पा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत, आणि शांत घरात कुणी बोलत नसलं की ते फार ऐकू येतं. छाती दुरुस्त झाली नाही. डॉक्टर उपाध्ये म्हणाले, आता आहे तेवढं सांभाळा. आहे तेवढं काही वर्षं पुरलं. आता त्या शेडात कुणाचं तरी सिमेंटचं गोडाऊन आहे. ऑर्केस्ट्रा बुडाला. मी एका शाळेत क्लार्क झालो, तिथं माझ्या विनोदांना कुणी हसत नाही, पण आवाज हळू ठेवतात. कापशा जर्मनीला गेलाच नाही. ते सगळं सांगायला लागलो तर ही गोष्ट त्याचीच होईल.

त्या दुपारी आम्ही तिघं पायरीवर बसलो होतो. आप्पा विंचरत होते. फणीत पांढरा गोळा आला. त्यांनी तो काढला, चोळला, आणि या खेपेला खिशात न घालता आईच्या हातावर ठेवला. आईनं तो बघितला आणि मूठ मिटली. घरघर, शिट्टी, घरघर, शिट्टी. गल्लीत बाकीच्यांचे माग लांबून ऐकू येत होते.

“लई मोठा येतोय काय गा आवाज?” आप्पांनी खालमानेनं विचारलं.

“कशाचा?” मी म्हणालो. “मगदुमांच्या गाडीचा?”

त्या घरात न ओरडता सांगितलेला तो माझा पहिला विनोद. आप्पा थांबले. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला आणि ते हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला, आणि खोकला थांबेना. कापशा मान वर करून भुंकायला लागला. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली, दुसऱ्या हाताची मूठ तशीच मिटलेली. आम्ही ऐकत बसलो. ऐकू न येण्याची सोय आता उरली नव्हती.